भिंतीचे दोन गडी

प्रिय प्रज्योत,

परवा तुझा मेसेज आला. 'माझा भाग काढून ठेव. रविवारी नेतो.' एवढाच. मागेपुढे ताई नाही, काही नाही. एरवी तू नुसतं 'जेवलीस का' विचारताना चार चित्रं चिकटवतोस आणि त्यात एक तरी माकड असतं. या वेळी माकडसुद्धा नव्हतं, तेव्हाच मला कळलं की तू खरंच रागावला आहेस. उत्तर द्यायला गेले तर तू मला ब्लॉक करून ठेवलेलं. म्हणून हे पत्र. शाळेत 'सहलीला जाण्याची परवानगी मागणारे पत्र' लिहिलं होतं, त्यानंतर मी कागदावर लिहिलेलं हे पहिलंच. त्या पत्राला दहापैकी साडेचार मिळाले होते, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नकोस. फक्त शेवटपर्यंत वाच.

तू म्हणालास म्हणून मी काल सकाळी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. कॅबिनेटचं झाकण काढलं, आतली धूळ फुंकली आणि तुझा भाग कुठला, माझा कुठला ते बघायला लागले. पनवेलहून आणलेलं जुनं ग्राफिक्स कार्ड तुझं. नवं कार्ड माझं. मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एक तुझी, पण कुठली ते आपण बसवतानाच विसरलो होतो. लाल दिव्याचा पंखा तुझा, कारण मी नको म्हणत असताना तू तो आणलास. इथवर ठीक होतं. पण मदरबोर्ड दोघांचा, प्रोसेसर दोघांचा. प्रोसेसर तर बिस्किटाएवढा, तोही पंख्याखाली चिकटलेला. मी त्या पंख्याकडे बघत बसले. बाबा मागून आले, थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "कापायचाय का? करवत देऊ?" ते चेष्टा करत नव्हते. एस.टी.च्या कार्यशाळेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला जगातली कुठलीही वस्तू कापता येते असंच वाटतं. मी झाकण परत लावून टाकलं.

खरं सांगू, मला टोचला तो 'भाग' हा शब्द. आठ वर्षांपूर्वी, बाळाजी आजोबा गेल्यावर, आपल्या घरात महिनाभर दुसरा शब्दच नव्हता. मी सोळा वर्षांची होते, तू चौदाचा. पंच आले, टेप लावली, दोरी धरली आणि पुढच्या ओटीपासून मागच्या पडवीपर्यंत पांढऱ्या फक्कीने रेघ मारली. बरोबर मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. माझे बाबा आणि तुझे, म्हणजे हिरामणकाका, रेघेच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांना आग्रह करत चहा प्यायले. इतकी गोडीत झालेली वाटणी आपण पाहिली नाही, असं पंच म्हणाले आणि गेले. पण फक्कीच्या रेघेला जाडी नसते. भिंतीला असते. दुसऱ्या दिवशी गवंडी आला, त्याने विचारलं की भिंत रेघेच्या कुठल्या अंगाला चढवू. काका तेव्हा आगरदांड्याला फेरीबोटीवर ड्युटीला. घरात फक्त बाबा, हातात बशी. त्यांनी बशीतला चहा न सांडता हनुवटीने दाखवलं, "त्या अंगाला घे."

काका संध्याकाळी आले तेव्हा भिंत गुडघ्याएवढी झाली होती. त्यांनी टेप आणली, मोजली, टेप मिटली आणि त्या दिवसापासून ते बाबांशी बोललेले नाहीत. नऊ इंच, सगळे तुमच्या भागातले. बाबांचं म्हणणं तर तुला पाठच आहे. भिंत मधोमध चढवली असती तर दोघांचेही साडेचार-साडेचार इंच गेले असते, त्यापेक्षा एकाचंच गेलेलं बरं. हे ते आजही इतक्या शांतपणे सांगतात की ऐकणाऱ्याला क्षणभर पटतं. आपल्याला मात्र पलीकडे पाऊल टाकायला बंदी झाली. शाळेला आपण एकाच एस.टी.ने जायचो, एकाच थांब्यावर उतरायचो आणि दोन वेगळ्या दारांनी एकाच घरात शिरायचो.

मग निसर्ग वादळ आलं. त्याने वाटणी वगैरे काही पाहिली नाही, दोन्हीकडची कौलं सारखीच उडवली. त्या हादऱ्यात भिंतीतली एक वीट निसटली, आमच्याकडे कपाटामागे आणि तुमच्याकडे तांदळाच्या पिंपामागे. ते भोक आपण शोधलं असं तुला अजून वाटतं, पण आपल्या आधी आईला आणि नीराबाईकाकूला ते सापडलं होतं. दोघींनी ती वीट परत बसवली नाही. वाटीभर कालवण आडवं न होता जाईल एवढी जागा होती, आणि त्यांना तेवढी पुरली. पुरुषांना पत्ता लागण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्या घरातला कुठलाही पुरुष कपाटामागे बघत नाही.

त्याच वर्षी कोरोनामुळे सगळं बंद होतं. माझी बीएस्सी आणि तुझी बारावी, दोन्ही मोबाइलच्या वितभर पडद्यावर चालली होती. आपल्याला कॉम्प्युटर हवा होता तो अभ्यासाला, असं आपण दोन्ही घरांत सांगितलं. गाड्यांच्या शर्यतीचा विषय आपण काढला नाही. दोन पूर्ण कॉम्प्युटर घेण्याची ऐपत दोन्ही घरांत नव्हती आणि अर्धा कॉम्प्युटर कुणी विकत नाही. तेव्हा मी कुठेतरी वाचलं की एकाच पेटीत दोन बिऱ्हाडं करता येतात. व्हर्च्युअल मशीन असं भारदस्त नाव आहे, पण आहे ते बिऱ्हाडच. प्रत्येकाला आपली मेमरी, आपलं कार्ड, आपला पडदा, आपला कीबोर्ड. दोघं एकाच वेळी खेळू शकतात आणि आत राहणाऱ्याला शेजारी कुणी आहे याचा पत्ताही नसतो. दोघांनाही वाटतं की सगळं घर आपलंच. मी हे सगळं तुला भोकातून समजावून सांगितलं तर तू म्हणालास, "मंग ताई, हे आपल्या घरासारखंच झालं." आणि आपण दोघं भिंतीला टेकून पोट दुखेपर्यंत हसलो होतो.

माणगावच्या दुकानदाराचा चेहरा मी विसरणार नाही. एका पेटीत दोन ग्राफिक्स कार्डं आणि दोघांचे पडदे वेगळे, असं म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू एका स्कूटरला दोन हँडलं बसवून मागतेय. दोन खेपा मारून सगळं सामान आणलं, आणि पुढचे तीन आठवडे तुझा पडदा काळाच्या काळा. कार्ड काही केल्या दुसऱ्या बिऱ्हाडात जायला तयार नव्हतं. मी इकडे सेटिंग बदलायची आणि तू तिकडून विचारायचास, "आलं का?" आणि मी म्हणायची, तुझ्याकडे बघायचं आहे, मला काय विचारतोस. ज्या दिवशी आलं त्या दिवशी तू असा ओरडलास की काकू साप निघाला समजून काठी घेऊन धावली. मग तिने पडद्यावरचं ते निळं चित्र बघितलं, काठी तशीच धरून हात जोडले आणि बारीक कोळंबीचं कोलीम शिजवायला निघून गेली.

आपल्या दोन बापांना हे प्रकरण कधी कळलंच नाही, याचं श्रेय त्यांच्या ज्ञानाला. बाबांच्या मते कॉम्प्युटर म्हणजे पेटी, आणि पेटी आमच्याकडे. काकांच्या मते कॉम्प्युटर म्हणजे पडदा, आणि तो त्यांच्याकडे चांगला सत्तावीस इंची. त्यामुळे दोघांकडेही पूर्ण कॉम्प्युटर होता आणि दुसऱ्याकडे नव्हता, म्हणून दोघंही सुखी होते. इन्व्हर्टर तुमचा. त्याची एक वायर भोकातून आमच्या पेटीला आली, तेव्हापासून गावातली वीज गेली तरी आमची पेटी घुमत राहायची. बाबांनी सगळ्या पेन्शनर मंडळींना सांगून टाकलं की आमच्या कल्पिताचा कॉम्प्युटर विजेशिवाय चालतो. तिघे जण बघायलाही आले होते. मी त्यांना चहा दिला आणि काकांच्या इन्व्हर्टरवर बाबांची इभ्रत अर्धा तास टिकवली.

आणि ती तुझ्या कीबोर्डची पिवळी वायर. ती एकदा ओढली की 'ये' आणि दोनदा ओढली की 'हो', हे आपण पहिल्याच आठवड्यात ठरवलं होतं. एकदा काकूच्या वाटीतलं कालवण त्या सगळ्या जुडग्यावर सांडलं. महिनाभर माझ्या माऊसला कोलमाचा वास येत होता आणि मांजर माझ्या मांडीवरून उठायला तयार नव्हतं. तू म्हणायचास की मी शर्यतीत मांजरामुळे जिंकते. मी हसायचे. इथून पुढे हसायचं थोडं कमी होतं, प्रज्योत, पण वाचत राहा.

आईने एकदा मला विचारलं होतं की ती पेटी दोघांचं काम एका वेळी कसं करते. मी तिला म्हटलं, आत बारा गडी कामाला आहेत असं समज. सहा तुझ्या पुतण्याचे, सहा माझे. आईला ते लगेच पटलं. तुलाही मी हेच सांगितलं होतं, आणि पहिला आठवडा ते खरंही होतं. पण दोघं एकदम खेळायला लागलो की दोघांचीही गाडी अडखळायची. मी शोधलं तेव्हा कळलं की बिऱ्हाडं दोन असली तरी पेटी सांभाळणारा एक घरमालक असतो. दोघांच्या मधला व्यवहार तोच बघतो, आणि त्यालाही गडी लागतात. दोन गडी त्याला काढून द्यायला हवे होते. दुपारची वेळ होती. तू काकांचा डबा घेऊन आगरदांड्याला गेला होतास. मी एकटीच पेटीसमोर बसले होते. माझा एक आणि तुझा एक असे दोन गडी काढून देणं हे कुठल्याही माणसाला सुचलं असतं. मी तुझे दोन काढले. माझे सहा राहिले, तुझे चार. मनात काही नव्हतं, अगदी शपथेवर सांगते. हात तिकडे गेला, एवढंच. दोघांच्या गाड्या सुरळीत पळायला लागल्या, तू डबा देऊन आलास, खूश झालास आणि म्हणालास, "ताई, तू ग्रेट हायस."

तू मला एकदा विचारलंही होतंस. 'ताई, माझ्याकडं चारच दाखवतंय.' आणि मी क्षणभरही न थांबता म्हटलं की तसंच दाखवतं, उरलेले दोन मागून काम करतात. यातलं दुसरं वाक्य तर अगदी खरं होतं. ते दोन खरोखर मागून काम करत होते. तू 'बरं' म्हणालास. माझ्यावर तुझा इतका विश्वास होता की तू परत मोजलं नाहीस, आणि हे आठवलं की मला आजही तोंड लपवावंसं वाटतं. हात तिकडे गेला ती चूक होती. हे मात्र मी जाणूनबुजून केलं.

मग माणगावच्या त्या मंडळाची शर्यत आली. जिल्ह्यातून बासष्ट पोरं, सगळी आपापल्या घरून खेळणार. आयोजकाने मला फोन करून हैराण केलं. एकाच घरातून दोन खेळाडू कसे? मी म्हटलं, एक घर नाही, दोन आहेत, मधे भिंत आहे. तो म्हणाला, पण आमच्याकडे दोघांचा पत्ता एकच दिसतोय. मी म्हटलं, कारण भिंतीला भोक आहे. तो 'खेळा' म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. आपण साठ जणांना मागे टाकलं आणि शेवटी उरलो तू आणि मी, एकाच पेटीतून. शेवटच्या फेरीला तू पुढे होतास. चांगला पुढे होतास. शेवटच्या वळणावर तुझी गाडी अर्धा सेकंद जागच्या जागी थिजली आणि मी बाजूने निघून गेले. भोकातून मला तू कीबोर्ड हळूच टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. आपटला असतास तर बरं झालं असतं.

तो सोनेरी प्लॅस्टिकचा कप बाबांनी ओटीवर ठेवला आणि तुमच्या दाराकडे तोंड करून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली. तेव्हाच पलीकडून काकांचा आवाज आला. ते तुला म्हणत होते, "जाऊ दे रं. त्यांच्याकडून हरायची आपल्याला सवयच हाय." आणि थोड्या वेळाने तू भोकापाशी येऊन म्हणालास, "माझा हातच स्लो हाय, ताई." तुझा हात स्लो नव्हता, प्रज्योत. चार गड्यांवर तू माझ्या सहा गड्यांच्या पुढे होतास. त्या दिवशी दुपारी मी सेटिंग उघडून बसले होते. दोन मिनिटांचं काम होतं. पण ते बदललं असतं तर पुढच्या शर्यतीत तू जिंकला असतास आणि का जिंकलो हे तुला कळलं असतं. मी पान बंद केलं. तू त्यानंतर एकाही स्पर्धेत नाव दिलं नाहीस. माझ्याशी खेळायचास ते ताईचं मन राखायला. आणि मी दर वेळी जिंकायचे, कपाकडे बघायचे आणि तो कप उचलून कुणीतरी फेकून द्यावा असं मला वाटायचं. शेवटी आईने त्यात चमचे ठेवायला सुरुवात केली, तेव्हा जरा बरं वाटलं.

तुला नवी मुंबईत नोकरी लागली आणि तीही नेमकी याच कामाची, यावर खरं तर मी हसायला हवं होतं. पहिल्याच आठवड्यात तुझा फोन आला. 'ताई, इथं एका पेटीत चाळीस बिऱ्हाडं हायत. आणि मालकाचं आधीच वेगळं काढून ठेवतात, कुणाच्या वाट्यातून घेत न्हाईत.' तू किती आनंदात सांगत होतास. मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. तू हुशार आहेस आणि एक ना एक दिवस तू घरची पेटी मोजणार हे मला तेव्हाच कळलं. तो दिवस यायला वर्ष लागलं एवढंच. परवा मोजायला तुला चार मिनिटंही लागली नसतील.

काल जेवताना मी भात नुसता चिवडत बसले, तेव्हा बाबांनी विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. पडदा, पेटी, इन्व्हर्टर, सगळं. त्यांना विजेशिवाय चालणाऱ्या कॉम्प्युटरचं फार वाईट वाटलं, ते थोडा वेळ तिथेच अडकले. मग मी गड्यांचं सांगितलं. एखाद्या गाडीच्या इंजिनाची तक्रार ऐकावी तसं त्यांनी ते मान हलवत ऐकून घेतलं. "मंग त्या मालकाचे दोन गडी कुनाच्या भागातून घ्यायचे व्हते?" मी म्हटलं, दोघांच्या, एक-एक. "मंग तसं का न्हाय केलंस?" मी म्हटलं, तो तेव्हा घरात नव्हता ना. आगरदांड्याला गेला होता. मी एकटीच होते, विचारणारं कुणी नव्हतं, हात तिकडे गेला. हे बोलून मी आमटी वाढून घ्यायला वाकले आणि वर पाहिलं तर बाबांचा हात भातात तसाच थांबलेला. मग ताट बाजूला सारून उठले. त्यांनी ताटात भात टाकलेला मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

आज सकाळी त्यांनी कपाट ओढलं. पाच वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरातल्या पुरुषाने कपाटामागे पाहिलं. वायरींच्या जुडग्याशेजारी काकूची एक वाटी होती, कालवण पाठवलेली, परत द्यायची राहिलेली. बाबांनी ती उचलली, उजेडात धरली आणि तिच्या काठावर कोरलेलं नाव वाचलं. आजोबांचं नाव. भांड्यांची वाटणी झाली तेव्हा ती वाटी तुमच्याकडे गेली होती. बाबा तिथेच जमिनीवर बसले, वाटी मांडीवर घेऊन. आई कधी नव्हे ती घाबरली, आता हे भोक बुजवणार म्हणून. पण त्यांनी फक्त टेप मागितली. मी दिली. गेला तासभर ते भिंतीजवळच आहेत आणि मी इथे स्वयंपाकघरात बसून तुला लिहितेय.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तू लांब असतास तर पत्राऐवजी मी कुणाचा तरी मोबाइल मागून तुला फोनच केला असता. पण तू आहेस इथेच. गुरुवारी सुट्टीवर आलास, त्या दिवसापासून भिंतीच्या पलीकडे चार हातांवर बसला आहेस. तुझ्या खुर्चीचं चाक वाजतं ते मला ऐकू येतं. काल तू तीनदा शिंकलास आणि तीनही वेळा मी इकडून विचारणार होते की आल्याचा चहा पाठवू का. गेले दोन दिवस आपण एकाच वायरीच्या दोन टोकांना गप्प बसलो आहोत. बाबांचं आणि काकांचंही असंच झालं असणार. पहिले दोन दिवस राग होता, तिसऱ्या दिवशी बोलायचं राहून गेलं आणि मग आठ वर्षं झाली. मला त्या तिसऱ्या दिवसाची फार भीती वाटते, म्हणून आज लिहिलं. मी चुकले, प्रज्योत, आणि तुला फसवलं. आज पहाटे उठून ते दोन मिनिटांचं काम केलं आहे. तुझा पडदा लाव आणि मोज. सहा दिसतील. माझ्याकडे चार आहेत. मधली भिंत आता माझ्या भागात आहे. हे कागद मी काकूच्या वाटीत घालून भोकातून सरकवतेय. वाचून झालं की पिवळी वायर दोनदा ओढ, एक शर्यत खेळू, आणि मी हरेपर्यंत उठायचं नाही. एकदा ओढलीस तर मी पुढच्या दाराने येईन, कुणाला न विचारता. आणि ओढलीच नाहीस तर तुझा भाग उद्या सकाळी ओटीवर ठेवलेला असेल, लाल पंख्यासकट. पण ओढ रे.

तुझीच चार गड्यांची,
कल्पिताताई

ता. क. कागद गुंडाळत होते तेवढ्यात बाबा आले. म्हणाले, "नऊ न्हाय. पलिस्तर धरून साडेदहा हाय. तेबी लिव्ह." म्हणून लिहिलं. हे काकांना वाचून दाखव, असं ते म्हणालेले नाहीत. पण टेप हातात धरून दारात उभे आहेत आणि काही केल्या हलत नाहीत.